ॲपवरचे कर्ज आणि संचालक मंडळ: थांबायचा आकडा आधी लिहून ठेवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मध्यम आकाराची बिगरबँक वित्त कंपनी, म्हणजे एनबीएफसी, आजवर शाखांमधून सोनेतारण आणि वाहनकर्ज देत आली. आता तिला एका ॲप कंपनीला सोबत घेऊन मोबाईलवरून दहा-वीस हजारांची कर्जे द्यायची आहेत. ॲप दर पंधरवड्याला बदलते, मंडळाची बैठक तिमाहीला होते आणि नियम त्याच्याही मागून येतो. मग कायद्याने कसे बदलावे आणि मंडळाने काय करावे?

दोन्हीकडे तेच तीन प्रश्न विचारावे लागतात: पैसा कुणाचा, निर्णय कुणाचा, आणि माहिती कुणाच्या हातात. नियम तंत्राच्या नावाला बांधला तर दोन वर्षांत शिळा होतो, या तिघांना बांधला तर टिकतो. मंडळाच्या बाबतीत मी याला आणखी एक गोष्ट जोडेन, आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. नवा धंदा कोणत्या आकड्याला थांबवायचा, हे पहिले कर्ज वाटण्याआधी इतिवृत्तात लिहिलेले असले पाहिजे. धंदा वाढू लागल्यावर हा आकडा कुणाच्याही तोंडून निघत नाही.

आधी कायदा. २०२० मध्ये मोबाईलवरच्या झटपट कर्जांचे पेव फुटले. कर्ज घेणाऱ्याच्या फोनमधले सगळे नंबर उचलायचे आणि हप्ता चुकला की नातेवाईक, शेजारी, साहेब अशा सगळ्यांना फोन करायचे, अशी वसुली सुरू झाली. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये कार्यगट नेमला. त्याच्या नोव्हेंबर २०२१ च्या अहवालात अँड्रॉइडवर उपलब्ध असलेली सुमारे १,१०० कर्ज-ॲप मोजलेली आहेत आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा ठरवलेली आहेत. मार्गदर्शक सूचना आल्या सप्टेंबर २०२२ मध्ये. ॲप कंपनीने नुकसानीची हमी किती द्यावी, याचा नियम जून २०२३ चा. सगळे एकत्र करणारे निर्देश मे २०२५ चे. म्हणजे पहिल्या ओरडीपासून पूर्ण चौकटीपर्यंत साडेचार वर्षे गेली.

उशीर झाला हे खरे, पण निवडलेली वाट योग्य होती. रिझर्व्ह बँकेने ॲपसाठी नवा परवाना काढला नाही. जिच्यावर तिचा अधिकार चालतो त्या कर्ज देणाऱ्या बँकेला किंवा एनबीएफसीला तिने धरले. कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्या खात्यात गेली पाहिजे आणि हप्ता थेट कर्ज देणाऱ्या संस्थेच्या खात्यात आला पाहिजे, मधल्या ॲपच्या खात्यातून पैसा फिरता कामा नये. ॲपचे शुल्क कर्ज देणाऱ्या संस्थेने द्यायचे, कर्जदाराकडून कापायचे नाही. फोनमधली संपर्क यादी, कॉल नोंदी, फाइली आणि फोटो यांना हात लावायचा नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन फक्त केवायसीपुरते, एकदाच आणि स्पष्ट संमतीने. उद्या ॲप जाऊन दुसरेच काही आले तरी हे नियम तसेच लागू पडतील, कारण ते पैशाच्या आणि माहितीच्या वाटेवर बसवलेले आहेत.

या वाटेत एक भगदाड आहे. ज्या ॲपच्या मागे नोंदणीकृत संस्थाच नाही, त्याला हा नियम पकडत नाही. तिथे राज्याचा सावकारी कायदा कामाला येतो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, मग ती पेढीवरून होवो की फोनवरून. उलट, रिझर्व्ह बँकेकडे नोंदणी असलेल्या एनबीएफसीला राज्यांचे सावकारी कायदे लागू होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. बेकायदा कर्जधंद्यावर बंदीसाठी केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये विधेयकाचा मसुदाही काढला. जबाबदारीची ही वाटणी मंडळाने नीट समजून घ्यावी, कारण तुमच्या नावाचे खोटे ॲप निघाले तर तक्रार घेऊन कुठे जायचे ते तीवरूनच ठरते.

नावाला बांधलेला नियम कसा अडकतो, याचे उदाहरण रस्त्यावरच आहे. ॲपवरच्या टॅक्सी शहरांत वर्षानुवर्षे धावल्यानंतर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम ९३ मध्ये ‘ॲग्रीगेटर’ आला. महाराष्ट्रात बाइक टॅक्सीचा वाद पांढऱ्या पाटीच्या खासगी दुचाकीवर अडला. राज्याने १९ जानेवारी २०२३ ला अधिसूचना काढून ही वाहतूक थांबवली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ई-बाइक टॅक्सीचे नियम २०२५ मध्ये आले. मधल्या काळात पाटीच्या रंगावर भांडण झाले, प्रवाशाच्या विम्यावर आणि चालकाच्या पडताळणीवर फारसे झाले नाही.

नियम कधी लिहावा, याचा धडा यूपीआयमध्ये आहे. एका ॲपकडे एकूण व्यवहारसंख्येच्या ३० टक्क्यांहून जास्त वाटा नको, असे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने नोव्हेंबर २०२० मध्ये ठरवले. तोवर दोन ॲपनी बाजार बराचसा व्यापला होता. मुदत आधी २०२२ अखेर, मग २०२४ अखेर, मग २०२६ अखेर अशी सरकत गेली. कोट्यवधी लोक रोज वापरत असलेली सेवा आकडा ओलांडला म्हणून बंद करणे कुणालाच परवडत नाही. कमाल मर्यादा लहानपणीच घालावी लागते. एखाद्या क्षेत्रात अमुक इतकी उलाढाल किंवा अमुक इतके ग्राहक झाले की पुढचा टप्पा आपोआप लागू, अशी पायरी कायद्यात सुरुवातीपासून असावी.

आणि घाईची बंदी टिकत नाही. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टो व्यवहारांशी संबंध ठेवायला मनाई केली. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. रिझर्व्ह बँकेचा अधिकार न्यायालयाने मान्य केला, पण तिच्या देखरेखीखालच्या संस्थांचे नुकसान झाल्याचे दाखवता आले नाही म्हणून उपाय प्रमाणाबाहेरचा ठरला. म्हणून नियामकाने आधी आकडे गोळा करण्याचा अधिकार घ्यावा आणि मग बंधन घालावे. मे २०२५ च्या निर्देशांत प्रत्येक संस्थेने आपली सगळी कर्ज-ॲप रिझर्व्ह बँकेच्या सीआयएमएस पोर्टलवर नोंदवायची आणि मुख्य अनुपालन अधिकाऱ्याने, किंवा मंडळाने नेमलेल्या अधिकाऱ्याने, ती प्रमाणित करायची, अशी तरतूद आहे. मला ही त्या निर्देशांतली सर्वांत मोलाची तरतूद वाटते.

आता मंडळाकडे. पहिली पायरी कंपनी सेक्रेटरीची. संस्थापन समयलेखातल्या, म्हणजे मेमोरँडममधल्या, उद्दिष्ट कलमात हा धंदा बसतो का ते पाहा. नसेल तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३ खाली भागधारकांचा विशेष ठराव लागेल. उद्दिष्टात बसत असला तरी हे धंद्याचे विविधीकरण आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १७९(३) नुसार त्याचा ठराव मंडळाच्या बैठकीतच व्हावा लागतो. समितीकडे सोपवून किंवा बैठकीशिवाय सह्या घेऊन केलेल्या फिरत्या ठरावाने चालत नाही. कर्ज देण्याचा रोजचा अधिकार मात्र समितीकडे किंवा व्यवस्थापकीय संचालकाकडे मर्यादा लिहून सोपवता येतो. पुष्कळ ठिकाणी नेमके उलटे होते: रोजची कर्जे मंडळासमोर येतात आणि नवा धंदा ‘पायलट’ या नावाखाली कुणाच्याही सहीशिवाय सुरू होतो. पायलट हादेखील धंदाच आहे. त्यातला कर्जदार खरा असतो आणि त्याची थकबाकीही खरी असते.

मंडळासमोरचे टिपण एका पानाचे असावे. ऐंशी स्लाइडींचे सादरीकरण झाले की प्रश्न विचारायला वेळ उरत नाही. त्या पानावर लिहा: कर्ज मंजुरीचा अंतिम निर्णय कोण घेतो, आपली यंत्रणा की ॲपची? नुकसानीतला किती भाग कुणाच्या डोक्यावर? कर्जदाराची माहिती कोणत्या सर्व्हरवर, भारतात की बाहेर? ॲप कंपनी उद्या सकाळी बंद पडली तर दुपारी हप्ते कसे जमा होणार? आज कोणत्या गोष्टीवर नियम गप्प आहे आणि उद्या तो बोलला तर आपले काय होईल? आणि शेवटी थांबायचे आकडे.

‘नियम बोलला तर’ हा प्रश्न काल्पनिक नाही. जून २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकेतर प्रीपेड कार्ड-वॉलेटमध्ये उधारीच्या खात्यातून पैसे भरायला मनाई केली. ज्यांचा सारा धंदा याच मोकळ्या जागेवर उभा होता त्यांचे कार्ड एका पत्राने थांबले. नोव्हेंबर २०२३ मध्ये विनातारण ग्राहककर्जांचे जोखीमभार, म्हणजे भांडवल मोजताना कर्जाची किती टक्के रक्कम धरायची ते प्रमाण, १०० वरून १२५ टक्के झाले. हिशेब करून पाहा. १०० कोटींच्या कर्जांना १५ टक्के भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखीमभार लावलेल्या रकमेच्या १५ टक्के स्वतःचे भांडवल, धरली तर आधी १५ कोटी भांडवल लागत होते, नंतर १८.७५ कोटी. पावणेचार कोटी जादा, तेही कर्ज एक रुपयाने न वाढवता. मंडळाने धंदा सुरू करतानाच विचारावे की भार २५ टक्क्यांनी वाढला तर हे गणित उभे राहते का. उत्तर ‘नाही’ असेल तर आत्ताच दर, आकार किंवा बेत बदला.

आता थकबाकीचा आकडा, कारण मंडळांची सर्वांत जास्त फसगत इथे होते. समजा जानेवारीपासून कर्जे सुरू केली. जानेवारीत ४ कोटी आणि फेब्रुवारीत ६ कोटी वाटले, पुढे झपाट्याने वाढून जूनअखेर एकूण वाटप ५० कोटी आणि येणे बाकी ४० कोटी. ९० दिवसांपलीकडची थकबाकी ८० लाख. तक्त्यात दिसते: थकीत कर्ज २ टक्के. मंडळ खूश. पण जानेवारीच्या कर्जाचा पहिला हप्ता फेब्रुवारीत, म्हणजे ते मे महिन्यात ९० दिवस ओलांडते. फेब्रुवारीचे जूनमध्ये. मार्च आणि त्यानंतरची कर्जे जूनअखेर ९० दिवस ओलांडूच शकत नाहीत. म्हणून ८० लाखांना भागायचे ते ४० कोटींनी नव्हे, पहिल्या दोन महिन्यांच्या १० कोटींनी. खरा दर ८ टक्के. धंदा जितका जोरात वाढतो तितका भाजक फुगतो आणि रोग झाकला जातो. वाढ मंदावली की तोच दर एकदम वर येतो आणि सगळे म्हणतात, अचानक काय झाले? अचानक काहीच झालेले नसते. म्हणून ज्या महिन्यात कर्ज वाटले त्या महिन्याची तुकडी वेगळी काढा आणि प्रत्येक तुकडी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या महिन्यात कुठे आहे ते मंडळाला दाखवा. त्याहून लवकर इशारा देणारा आकडा म्हणजे पहिलाच हप्ता चुकलेली कर्जे. पहिला हप्ता चुकवणारा बहुधा अडचणीत आलेला माणूस नसतो. चुकीच्या माणसाला कर्ज दिले, किंवा ओळखच खोटी होती, असे त्यातून कळते.

याच उदाहरणात ॲप कंपनीची हमी तपासा. नियमाने ती त्या कर्जसंचातून वाटलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपर्यंतच घेता येते. ५० कोटींवर अडीच कोटी. ८० लाखांच्या थकबाकीपुढे अडीच कोटी भरपूर वाटतात. पण ८ टक्के सगळ्या तुकड्यांना लागू झाले तर नुकसान ४ कोटींचे, म्हणजे दीड कोटी तुमच्या अंगावर. हमी रोख ठेव, धारणाधिकार (लिएन) नोंदवलेली मुदत ठेव किंवा बँक हमी या रूपातच हवी, कागदावरचे आश्वासन चालत नाही. थकीत झाल्यापासून जास्तीत जास्त १२० दिवसांत ती वसूल करावी लागते आणि एकदा वापरलेली रक्कम नंतर कर्जदाराकडून वसुली झाली म्हणून पुन्हा भरून घेता येत नाही. आणखी एक चूक वारंवार दिसते: हमी आहे म्हणून कर्ज थकीत दाखवायचे नाही. हमी मिळाली तरी त्या कर्जाचे वर्गीकरण आणि तरतूद तुमच्याच वहीत व्हायला हवी.

ग्राहकाला दर कसा सांगता, हेही मंडळाने एकदा हाताने मोजावे. जाहिरात म्हणते ‘फक्त २ टक्के महिना’. १०,००० चे ३० दिवसांचे कर्ज, ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आधीच कापले. हातात ९,५०० आले आणि परत करायचे १०,२००. ९,५०० वर ३० दिवसांत ७०० रुपये म्हणजे ७.३७ टक्के, वर्षाला सुमारे ९० टक्के. लोक २४ टक्के समजून सही करतात. कर्जाच्या मुख्य तथ्यपत्रकात, म्हणजे केएफएसमध्ये, हा सगळे धरून येणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, द्यावाच लागतो. शिवाय किमान एक दिवसाची माघारीची मुभा द्यावी लागते. त्या मुदतीत मूळ रक्कम आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून, दंडाशिवाय कर्ज परत करता येते. ॲपमध्ये हे बटण तीन पडदे आत दडवलेले असेल तर ते देऊन न दिल्यासारखे आहे. स्वतंत्र संचालकांपैकी एकाने स्वतःच्या फोनवर ॲप उतरवावे, कोणकोणत्या परवानग्या मागते ते पाहावे, कर्ज घेऊन माघारी करून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे.

निर्णय यंत्र घेत असेल तर त्याच्या प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवा: कोणत्या तारखेपासून कोणती, कुणी मंजूर केली, कोणते निकष बदलले. नाकारलेल्या अर्जाचे कारण साठवा. पिनकोड हा निकष निरुपद्रवी दिसतो, पण त्यातून आख्ख्या वस्त्यांना कर्ज बंद होऊ शकते. म्हणून मंजुरीचा दर पिनकोडवार, वयवार आणि स्त्री-पुरुषवार दर तिमाहीला काढून पाहा. आयआयटी मुंबईचे पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखालच्या रिझर्व्ह बँकेच्या समितीने ऑगस्ट २०२५ च्या अहवालात मंडळाने मंजूर केलेले एआय धोरण असावे असे सुचवले आहे. नियम येईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही.

बैठकांच्या वेगाचा प्रश्न खरा आहे. कायदा वर्षाला किमान चार बैठका आणि दोन बैठकांत जास्तीत जास्त १२० दिवस एवढेच सांगतो. नव्या धंद्याच्या पहिल्या वर्षी हे पुरत नाही. तीन जणांची छोटी समिती करा, त्यात एक स्वतंत्र संचालक आणि जोखीम अधिकारी असू द्या, दर महिन्याला पाऊण तास बसा. समितीला वाटपाची कमाल रक्कम ठरवून द्या. ती वाढवायची असेल तर विषय मंडळासमोर आला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या वर्गवारीत मधल्या आणि वरच्या स्तरातल्या एनबीएफसींना आयटी स्ट्रॅटेजी समिती एप्रिल २०२४ पासून बंधनकारक आहेच, तिच्याकडे ॲपची सुरक्षितता सोपवा. सायबर घटना घडली तर सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेला सहा तासांत कळवावे लागते. सहा तासांत ठराव होत नसतात, म्हणून कळवण्याचा अधिकार कुणाचा आणि त्याच्या गैरहजेरीत कुणाचा, ही नावे आधीच ठरवून ठेवा.

स्वतंत्र संचालकांना एक गोष्ट कळकळीने सांगतो. कंपनी कायद्याचे कलम १४९(१२) तुम्हाला संरक्षण देते, पण मंडळाच्या कामकाजातून जे तुम्हाला माहीत होते आणि तुमच्या संमतीने झाले त्यासाठी नाही, आणि तुम्ही दक्षता घेतली नसेल तरी नाही. शंका तोंडी बोलून थांबू नका. इतिवृत्ताचा मसुदा बैठकीनंतर १५ दिवसांत येतो, त्यात तुमचा प्रश्न आहे का ते पाहा आणि नसेल तर सात दिवसांत लेखी कळवा. कलम १३४(३)(n) नुसार कंपनीच्या अस्तित्वालाच धोका ठरू शकणाऱ्या जोखमीविषयी मंडळाच्या अहवालात लिहावे लागते. तिथे दरवर्षी तोच परिच्छेद उतरवला जात असेल तर नव्या धंद्याचे नाव तिथे आहे का, हे विचारा.

पगाराची रचना या सगळ्यावर पाणी फिरवू शकते. धंद्याच्या प्रमुखाचा बोनस वाटपावर असेल तर तो वाटपच करणार. तुकडी बारा महिन्यांची झाल्यावर तिच्या वसुलीवर बोनसचा निम्मा भाग द्या. वरिष्ठांच्या बाबतीत मोबदला पुढे ढकलणे आणि परत घेणे हे एनबीएफसींसाठीच्या मोबदल्याच्या सूचनांत एप्रिल २०२३ पासून आहेच.

राहिले थांबायचे आकडे. ते तुमच्या भांडवलावरून ठरतील, पण नमुना असा घ्या: पहिला हप्ता चुकण्याचे प्रमाण सलग दोन महिने ४ टक्क्यांवर गेले, किंवा कोणतीही तुकडी सहाव्या महिन्यात ठरलेल्या नुकसानीच्या दीडपट झाली, किंवा दर हजार कर्जांमागे वसुलीच्या तक्रारी ठरलेल्या संख्येवर गेल्या, तर नवे वाटप थांबेल. थांबवण्याचा अधिकार जोखीम अधिकाऱ्याचा, आणि पुन्हा सुरू करण्याचा फक्त मंडळाचा. ठरावात रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाचा क्रमांक लिहू नका, ‘त्या वेळी लागू असलेले निर्देश’ लिहा. नोव्हेंबर २०२५ मध्येच बहुतेक परिपत्रके संस्थेच्या प्रकारानुसार नव्याने मांडली गेली आणि जुने क्रमांक मागे पडले.

वाटप थांबले तरी धंदा संपत नाही. दिलेल्या कर्जांचे हप्ते घेणे, पतमाहिती कंपन्यांना नोंदी पाठवणे, तक्रार निवारण अधिकाऱ्याचा फोन चालू ठेवणे हे शेवटचे कर्ज फिटेपर्यंत करावे लागते. तक्रार ३० दिवसांत सुटली नाही तर ग्राहक रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणारच. म्हणून ॲप कंपनीशी करारात तीन गोष्टी पहिल्याच दिवशी घाला: वाटप थांबल्यावरही किमान शेवटच्या हप्त्यापर्यंत सेवा, कर्जदारांची संपूर्ण माहिती वाचता येईल अशा स्वरूपात दर आठवड्याला आपल्या सर्व्हरवर, आणि वसुलीसाठी नवा माणूस नेमला तर त्याने संपर्क करण्याआधी त्याचे नाव कर्जदाराला आपल्याकडून एसएमएसने. दुसरी गोष्ट सही झाल्यावर महिन्याभरात एकदा प्रत्यक्ष करून बघा: आठवड्याची फाइल उघडा, त्यातली वीस कर्जे निवडा आणि ॲपच्या मदतीशिवाय त्यांची आजची बाकी काढता येते का ते पाहा. वीसपैकी एका जरी कर्जाची बाकी निघाली नाही, तर पुढचे वाटप ती निघेपर्यंत थांबवा.